थुंकीतला धागा

"पाय काढ की माय, माझ्या पायावर उभी राहून राहिलीस!" रूपाबाई माझ्या कानाशी कुरकुरली. माझे पाय तर जमिनीला टेकतच नव्हते. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सोयाबीनची पोती तशीच टाकून माणसं धागेबाबांच्या मांडवात घुसली होती. साल २००४. मोबाइल आले होते, अक्कल अजून वाटेत होती.

सगळ्यांत पुढं माझी शेजारीण चांगुणा, मांडीवर नऊ वर्षांचा प्रज्ञेश. त्याला सिकलसेल, आईबापाकडून रक्तात आलेला आजार. हाडं अशी दुखायची की लेकरू भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं.

"थुंक बाळा, तीर्थात थुंक!" बाबांनी खारट पाण्याची काचनळी पुढं केली. त्यात थेंबभर काहीतरी बुळबुळीत घातलं, वरून गारेगार 'हिमालयाचं पाणी' सोडलं. "सात पिढ्यांच्या दुखण्या, ये भाईर! इंजेक्शनच्या बापाला जमलं न्हाई ते पाहा!"

आणि नळीत खरंच पांढरे धागे तरंगायला लागले. बाबांनी ते काडीला गुंडाळून निखाऱ्यावर धरले. "जळला रोग! आजपासून दवाखाना बंद, गोळ्या बंद."

चांगुणा हुंदके देऊन रडायला लागली.

"संतराम," मागून आवाज आला, "बर्फ कुठून आणलास रे?"

करुणा मॅडम. विद्यापीठात जनुकशास्त्र शिकवतात. मी त्यांच्या वर्गात शिकलेली; मीच निरोप धाडला होता. हे धागेबाबा म्हणजे संतराम, सहा वर्षं त्यांच्याच प्रयोगशाळेत नळ्या धूत होते.

"रोग जळाला ना? मग लेकराला परत थुंकू दे."

"दोनदा चालत न्हाई."

"काहून?" रूपाबाई ओरडली. "आमी दोन तासांपासून उभ्या हावोत!"

पुन्हा तेच केलं. पुन्हा धागा. मॅडमच्या थुंकीतूनही धागा. रूपाबाईचा तर सगळ्यांत जाड.

"हा डीएनएचा धागा, प्रत्येकाच्या पेशीत असतो," मॅडम म्हणाल्या. "साबणानं पेशी फुटते, मीठ आणि गार स्पिरिटमुळं धागे गोळा होऊन दिसतात. कांद्यातूनही निघतात. अंगात असे अब्जावधी आहेत. नळीतले जाळून रोग जात नाही."

संतराम हसला. "मॅडम, दर वर्षी पोरान्ला तुमीच सांगता, ह्या धाग्यात रोग लिहिलेला असतो. मी भाईर काढला, एवढंच."

गुरूनं अर्धं सांगून सोडलं की उरलेलं बाबा सांगतो.

अर्धी माणसं पोत्यांकडं गेली. उरलेली संतरामला विचारत होती, पुढचा बाजार कोणता? बायांनो, जास्त शिकू नका हवं तर, पण चमत्कार दिसला की एवढं म्हणा: परत करून दाखव. धडधाकट माणसावर करून दाखव.

"मग ह्याचा रोग तुमीच काढा मॅडम," चांगुणा म्हणाली. "तुमाला तर सगळं येतं."

मी दुसरीकडं पाहिलं. डॉक्टर 'बघू' म्हणायचे. मी म्हणायची, मोठा झाला की सुटेल. वर्गात मॅडमही 'पुढंमागं उपाय निघेल' म्हणूनच तास संपवत.

मॅडम खाली मातीत बसल्या.

"चांगुणाताई, मला हा धागा वाचता येतो. बदलता येत नाही. गोळ्या सोडू नको, पाणी भरपूर पाज, ताप आला की लगेच दवाखान्यात ने. त्रास कमी होईल. पण प्रज्ञेश बरा होणार नाही."