एका नावावर दोन माता

ज्याचे द्रव्य चोरीला जाते, त्याला ते कधी ना कधी परत देता येते. परंतु ज्याचे नाव चोरून दुसऱ्याने आपले मातृऋण फेडले, त्याला काय परत द्यावे, हे न्यायासनालाही सहज उमगत नाही.

कोर्टात पुकारा होताच फिर्यादी शिंपी उठून कठड्याशी उभा राहिला. दोष सिद्ध झाला होता. शिक्षा तेवढी ठरायची होती. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या तरुणाने त्याचे घर फोडून ओळखपत्र आणि विम्याचे कार्ड नेले होते, आणि शिंप्याच्या नावाने स्वतःच्या आईच्या हृदयावर शस्त्रक्रिया करवून घेतली होती. पुढे शिंप्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा इस्पितळाच्या खिडकीतली बाई म्हणाली,

"अहो, या विम्यावर तुमच्या आईचं ऑपरेशन तर झालंय की! आया किती तुम्हाला?"

चौकशी पुरी होण्याआधीच म्हातारीने डोळे मिटले.

"आईसाठी केलं त्यानं," आरोपीचा वकील म्हणाला. "दया व्हावी."

न्यायाधीशांनी शिंप्याकडे पाहिले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

शिंप्याने सदऱ्याची शिवण चिमटीत धरली.

"माझीही आईच होती, साहेब. शिक्षा कमी करू नका."

सात वर्षांची शिक्षा झाली. तरुणाने मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात एक वृद्धा भिंतीच्या आधाराने उभी होती. ती कोण, हे शिंप्याला कुणी सांगावे लागले नाही. त्याने वाट बदलली. ती आडवी आली.

"थांब रे बाबा. शिव्याशाप द्यायला नाही आले."

"मग?"

"इस्पितळात सगळे तुझं नाव घेऊन मला तुझी आई म्हणायचे. मी पोराला विचारलं, तर म्हणे, 'गप पडून राहा, कारकुनाची चूक आहे.' मी गप्प पडले." तिने छातीवर हात ठेवला. "हे तुझ्या आईच्या वाटणीचं आहे. मला पेलवत नाही. औषधं बंद केलीत मी."

शिंपी जिन्याकडे वळला. मग त्याने तिचा दंड धरला आणि एकेक पायरी तिला खाली उतरवू लागला.

"औषधं घ्या, मावशी. एक गेली, तेवढं पुरे."



धाकट्याने थोरांना आशीर्वाद देऊ नये, अशी रीत आहे. शेवटच्या पायरीवर शिंप्याने ती मोडली.

"पुष्कळ जगा," तो म्हणाला. "तो सुटून येईल, तेव्हा दार उघडायला घरात कुणीतरी हवं."