वास आला की सांगा

तेग्यूने पाठीवर घ्यायच्या फवारणीपंपात साधे पाणी ओतायला घेतले तेव्हा उजेड अजून डोंगराच्या कडेवरच होता. खाली उतरायला त्याला वेळ लागे. आधी पाइनचे शेंडे एकेक करून राखाडीतून हिरवे झाले. मग उतारावरची थडगी, गवताचे ते गोल उंचवटे, एका बाजूने उजळले आणि दुसऱ्या बाजूने तसेच काळे राहिले. त्यानंतर उजेड गावात आला, कसलीच घाई नसलेल्या पाहुण्यासारखा. घरांच्या निळ्या पत्र्यांवर, शेजारच्या अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर, परसातल्या, सोयाबीन आंबवायच्या रांजणांवर. प्रत्येक रांजणाच्या झाकणात दव साठले होते आणि प्रत्येकात आभाळाचा लहानसा तुकडा पडला होता. शेवटी उजेड शेडच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. आत भिंतीवर चार्जरचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि त्या दोन उजेडांच्या मधल्या अंधुक जागेत तेग्यूचे वडील, मान्सोक, वाकून रबरी बुटात पाय घालत होते.

"भरली का बॅटरी?"

"भरली. हिरवा लागलाय."

"मग पाण्याशी काय खेळतोयस? औषध घाल."

"आधी नुसत्या पाण्यावर चालवून बघायचा, बाबा. कुठं गळत असेल तर आत्ताच कळेल. तुमच्या पाठीवर गळलं म्हणजे?"

"चाळीस वर्षं गळतंय माझ्या पाठीवर. आहे तिथंच आहे पाठ."

तेग्यूने खटका दाबला. मोटार गुणगुणली आणि पाण्याचा फवारा उजेडात पंखासारखा उघडला. त्याने नळीचे सांधे बोटांनी चाचपले. कोरडे होते. त्याला जरा बरे वाटले. निदान यंत्राच्या बाबतीत तरी आपण काही विसरलो नाही, असे.

आजची फवारणी ही परीक्षा होती, पण तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. सोमवारी तेग्यूला इंचॉनला, बंदराजवळच्या एका कंपनीत रुजू व्हायचे होते. आई त्याच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तेजॉनला गेली होती, ती थंडी पडल्याशिवाय परतणार नव्हती. तोवर, बोरे लाल होऊन उतरेपर्यंत, बाग मान्सोकनी एकट्याने सांभाळायची होती. जुना हातपंप मारून मारून त्यांचा डावा खांदा कामातून गेला होता, म्हणून तेग्यूने वसंतात हा बॅटरीचा पंप आणला. तो खोक्यातून बाहेर काढताना, आपण आपल्या जागी घरात कुणाला तरी ठेवून चाललो आहोत, असे त्याला वाटले होते. आणि त्या विचाराची त्याला लाजही वाटली होती.

"उद्या मी एकटाच मारतो," मान्सोक काल जेवताना म्हणाले होते. "तू बांधावर बसून नुसता बघ. मग निर्धास्तपणे जा."

आता त्यांनी औषधाची बाटली उघडली. सडक्या लसणात रॉकेल ओतावे तसा भपकारा शेडभर पसरला. तेग्यूने तोंड फिरवले आणि तो दारापर्यंत मागे सरला. मान्सोक बादलीवर ओणवे होऊन, चेहरा न वळवता, काठीने सावकाश ढवळत राहिले, जसे काही सूपच शिजत होते. सवय, तेग्यूने स्वतःला सांगितले. इतक्या वर्षांची सवय.

मिश्रण टाकीत गेले. वडिलांनी प्लास्टिकचा अंगरखा चढवला, हातमोज्यांवर बाह्या ओढून घेतल्या आणि खुंटीवरचा मास्क गळ्यात अडकवला. त्याच्या दोन्ही गालांवरचे गोल फिल्टर एके काळी गुलाबी होते. वरच्या फळीवर नव्या फिल्टरचे पाकीट वसंतात ठेवले तसेच बंद होते.

"बाबा, फिल्टर बदलू या का?"

"जुने चांगले चाललेत. नवे कशाला नासवायचे?"

"पण कधी तरी बदलावेच लागणार ना?"

"दुकानदारानं काय सांगितलं होतं? वास यायला लागला की बदला. मला काही वास येत नाही."

तेग्यूचा हात फळीपर्यंत गेला होता. तो क्षणभर तिथे थांबला, पाकिटावरची धूळ बोटाने पुसून खाली आला.

"मग वास आला की सांगा."

"सांगीन की. न सांगायला मी काय नवी नवरी आहे?"

कुंपणापलीकडून बुन्रेकाकूंची हाक आली. मान्सोकच्या दिवंगत मित्राच्या या पत्नी; स्वतःच्या घरापेक्षा या अंगणातच त्यांचे पाय जास्त असत. त्यांनी पदरासारखा बांधलेला रुमाल डोक्यावरून मागे ढकलला.

"अहो तेग्यूचे बाबा, वारा कुठला आहे ते पाहिलंत का? माझ्या मिरच्या बाहेर पडल्यात."

"वाराच नाहीये वहिनी. पान हलतंय का बघा."

"मागच्या खेपेलाही नव्हताच. किमचीला औषधाची चव आली होती माझ्या. थांबा, ताडपत्री टाकते आणि मग काय ते करा." मग त्यांनी कागदात गुंडाळलेली हिरवी बाटली कुंपणावरून पुढे केली. "हे तिळाचं तेल. तेग्यूला द्या बरोबर. शहरात तेल म्हणून विकतात ते नुसतं रंगीत पाणी."

मान्सोकनी बाटलीकडे पाहिले. कागदाच्या वर तिचे टोपण दिसत होते, त्यावर प्लास्टिक घट्ट बांधलेले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"वा वा! काय घमघमाट सुटलाय! ताजं दिसतंय."

"झाकण तरी उघडू द्या," बुन्रेकाकू म्हणाल्या.

तेग्यू हसला. जरा जास्तच मोठ्याने. मान्सोकही हसले. बुन्रेकाकू हसल्या नाहीत. त्यांनी बाटली तेग्यूच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"परवा तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. भात जळून कोळसा झालेला. मी इथून ओरडतेय, आणि हे आत शांतपणे पेपर वाचतायत."

"कान गेलेत त्यांचे, काकू."

"कान?" असे म्हणून त्यांनी बाटली सोडली, आणि त्या मिरच्या झाकायला निघून गेल्या.

तेग्यू बांधावर जाऊन बसला. खाली ओळींमध्ये बोरीची झाडे हिरव्या फळांनी वाकली होती. वडिलांनी मास्क चढवला, दोन्ही तळहातांनी दाबून पाहिला, पंप पाठीवर घेतला आणि खटका दाबून त्याची कडी अडकवून टाकली, म्हणजे बोट दुखायला नको. गुणगुणाट सुरू झाला. ते रीतीप्रमाणे मागे मागे चालत होते, म्हणजे ओल्या झाडांत स्वतः शिरावे लागत नाही. पाऊल स्थिर होते. तेग्यूने हे पुनःपुन्हा पाहून घेतले, जणू पाहण्यानेच ते स्थिर राहणार होते. मग त्याने फाटलेली जाळी मांडीवर ओढली आणि गाठी मारायला घेतल्या. वडील आता झाडांआड गेले होते, पण आवाज होता; आवाजावरून माणूस कुठे आहे ते समजत होते.

हातपंपाचा आवाज वेगळा असे. त्यात माणूस ऐकू येई. दांडा खाली, दांडा वर, मध्ये श्वास. खांदा दुखला की थांबणे, थांबले की आपोआप मान वर करून वाऱ्याकडे पाहणे. लहानपणी तो आवाज थांबला की वडील आता पाणी प्यायला येणार हे त्याला कळे. हा नवा गुणगुणाट मात्र दमत नव्हता. तो एकसारखा, बारीक, कुठल्या तरी मोठ्या माशीसारखा झाडांमधून सरकत होता.

वारा फिरला तो आधी पानांवर दिसला. बोरीची चकचकीत पाने उलटली आणि फिक्कट झाली. पाठोपाठ झाडांच्या वर एक पांढरे धुके उठले आणि मागे वळले, ज्या बाजूला मान्सोक असतील त्या बाजूला. तेग्यूने मान वर केली. आता ते बाजूला होतील. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जातील, खटका सोडतील. तोंडावर औषध आल्यावर कुणीही तेच करील.

गुणगुणाट थांबला नाही.

त्याने आणखी एक गाठ मारली. ती चुकली, म्हणून सोडवून पुन्हा मारली. आणि मग त्याच्या ध्यानात आले की आवाज बराच वेळ एकाच जागी आहे.

"बाबा?"

जाळी पायात अडकली, ती तशीच ओढत तो काही पावले धावला. मान्सोक ओळीच्या मध्यावर झाडाला टेकून बसले होते. नळीची दांडी गवतात पडली होती आणि तिचा फवारा त्यांच्या गुडघ्यांवर शांतपणे पडत होता. तेग्यूने श्वास रोखून पाठीवरचे पट्टे सोडवले, वडिलांना काखेत धरून उचलले आणि मागे न पाहता अंगणातल्या नळापर्यंत ओढत नेले. त्यांचा मास्क काढला. चेहरा घामाने निथळत होता, ओठांच्या कडेने लाळ गळत होती, आणि त्या अंधुक सकाळीही डोळ्यांच्या बाहुल्या तिळाएवढ्या झाल्या होत्या.

"ऊन लागलं," मान्सोक म्हणाले.

ऊन अजून अंगणात आलेले नव्हते.

तेग्यूने अंगरखा, शर्ट, मोजे सगळे उतरवून त्यांच्या अंगावर पाणी सोडले. बुन्रेकाकू कुंपण ओलांडून आल्या. त्यांनी साबण घेतला आणि लहान मुलाला घालावी तशी त्यांना अंघोळ घातली. मग स्वतःच फोन लावून रुग्णवाहिकेला घर कुठे आहे ते नीट सांगितले. "औषध मारताना," त्या फोनवर म्हणाल्या. "हो. शुद्धीवर आहेत. बोलतायत, उगाच जास्तच बोलतायत." मान्सोकना चादरीत गुंडाळून त्यांनी ओसरीवर कुशीवर निजवले.

तेव्हा कुठे तेग्यूला बागेतला आवाज पुन्हा ऐकू आला. पंप चालूच होता. धुके आता ओळ ओलांडून झाकलेल्या मिरच्यांकडे, ओसरीकडे निघाले होते.

कुणीतरी जाऊन तो बंद करायला हवा होता. त्याने हातमोजे चढवले, फरशीवरचा वडिलांचा मास्क उचलून आतून बाहेरून धुतला, तोंडावर बसवला आणि वडील दाबत तसाच दोन्ही तळहातांनी दाबला. कडेने कुठेही हवा जात नव्हती. मास्क उत्तम बसला होता. पहिल्या झाडाशी त्याने पहिला श्वास घेतला.

सडका लसूण आणि रॉकेल. मध्ये काहीच नसावे तसा तो वास सरळ आत आला, नाकातून घशात, घशातून डोळ्यांत. तो उलटा फिरला, मास्क ओरबाडून काढत ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

मान्सोक त्याच्याकडेच पाहत होते. बराच वेळ पाहत असावेत.

"वास येतो का रे?" त्यांनी हळूच विचारले.

"येतो."

बुन्रेकाकूंनी चादर उगाच नीट केली.

"मग नवे फिल्टर लाव," मान्सोक म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. "जुने खराब झालेत, बाकी काही नाही. सोमवारी तुझी बस किती वाजता आहे?"

तेग्यू शेडमध्ये गेला. चार्जरचा हिरवा दिवा अजून लागलेला होता, पण बाहेरच्या उजेडात आता तो दिसत नव्हता म्हटले तरी चालेल. त्याने पाकीट दातांनी फोडले, नवे फिल्टर बसवले आणि पुन्हा ओळीत शिरला. या वेळी मास्कच्या आत फक्त रबराचा वास होता. गवतात पडलेला पंप अजून तसाच गुणगुणत होता, न दमता. तेग्यूने गुडघे टेकून बटण बंद केले.

शांतता एकदम आली. खालच्या रस्त्यावर, अजून दूर, रुग्णवाहिकेचा भोंगा वळणे घेत वर येत होता. तो ऐकत तेग्यू तसाच बसून राहिला.

त्याच्या वडिलांना गेल्या हिवाळ्यापासून कशाचाच वास येत नव्हता.