तिला चालतं

थोरल्याचे कपडे धाकट्याने घालायचे, ही तुमच्या-आमच्या घरची जुनी रीत. एका वजनमाप निरीक्षकांच्या घरात मात्र उलटी गंगा वाहत होती. लॅपटॉप आधी धाकट्या मुलाने चार वर्षं पिदडला, मग त्याला नवा आला आणि उतरलेला थोरल्या मुलीच्या टेबलावर गेला. कुणी विचारलंच तर निरीक्षक म्हणत, "तिला चालतं." खिडकीची खोली मुलाला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं टेबल मुलीला. तेही तिला चालायचं. तिला विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

निरीक्षकांचं काम दुकानादुकानांतले तराजू तपासायचं. चार ग्रॅमची खोट सापडली तरी ते भल्याभल्यांची गय करत नसत. माणूस कुणाच्या चहालाही मिंधा नाही, अशी बाजारात ख्याती होती आणि ती खरी होती.

त्या सकाळी साडेनऊला मुलीचा लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबलं तर दिवा लागेना, पंख्याची घरघर नाही, काही नाही. अकराला तिची परीक्षा होती. नकाशे तयार करणाऱ्या एका मोठ्या संस्थेतली नोकरी. परीक्षा वर्षातून एकदाच, घरूनच पण कॉम्प्युटरवरच द्यायची, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. दोन वर्षं तिने दुसरा विचार केला नव्हता. तिने भावाच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. ते पाहून निरीक्षक म्हणाले, त्याचं कॉलेजचं काम चालू असेल, त्याला त्रास देऊ नकोस, मी हा आत्ता दुरुस्त करून आणतो. जिना उतरताना, हिचं रोजचंच रडगाणं, असंही पुटपुटले.

बाजारामागच्या गल्लीत दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान होतं. रेडिओच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली बाई. तोंडाची फटकळ, पण हाताला यश. दुकान दहाला उघडलं. जरा घाईचं आहे, एवढंच निरीक्षकांनी सांगितलं.

बाईंनी आधी चार्जरला मीटर लावला. चार्जर ठणठणीत होता. मग लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली आणि बटण अर्धा मिनिट नुसतंच दाबून धरलं. आत अडकलेली वीज अशाने निघून जाते, आणि कधी कधी जुनं यंत्र तेवढ्यावरच शुद्धीवर येतं. हे आलं नाही. बॅटरी तपासली तर ती कधीच गेलेली, वर्ष तरी झालं असेल, असं बाई म्हणाल्या. मग चार्जरची पिन जाते तिथे त्यांची नजर थांबली. भोकाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, वायरला रबरबँडचे वेढे होते, आणि वर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'कृपया वायर हलवू नये.'

ठिपका कशाला, असं बाईंनी विचारलं. पोरींचे चाळे, निरीक्षक म्हणाले.

"चाळे नाहीत हे," बाई म्हणाल्या. "आतला सांधा तुटत आला होता. पिन बरोब्बर या ठिपक्याकडे कलती ठेवली तरच वीज पोचत असणार. आणि बॅटरी मेलेली, म्हणजे वायर जरा हलली की केलेलं काम गेलं. आता मात्र सांधा पुरता निखळलाय. कुणी ओढली ही वायर?"

आदल्या संध्याकाळी मुलाच्या नव्या स्पीकरसाठी भिंतीतला प्लग मोकळा हवा होता, म्हणून निरीक्षकांनीच ती वायर हिसका देऊन काढली होती. चिठ्ठी त्यांना रोज दिसायची. वाचली मात्र आज होती.

अर्धा तास लागेल म्हणत बाई सोल्डरिंगला बसल्या. आत आणखी एक तार तुटलेली निघाली. निरीक्षक आधी घड्याळाकडे बघत बसले, मग दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालू लागले. शेवटी पडद्यावर उजेड आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि अकरा दहानंतर परीक्षेत कुणाला घेत नव्हते. निरीक्षकांनी बाईंना सगळं सांगितलं.

"अहो, परीक्षा आहे हे आधी नाही का बोलायचं? माझा दिला असता. घरात दुसरा नव्हता का?"

"आहे. पण तो मुलाचा आहे."

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांच्याच कानावर पडलं. बाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं.

"इतके दिवस हा चालत होता हो," निरीक्षक कसेबसे म्हणाले.

"चालत नव्हता, साहेब! तुमची मुलगी चालवून घेत होती."

निरीक्षकांनी घरी फोन लावला. मुलीने लगेच उचलला. भावाचा मागायचा होतास ना, असं ते जवळजवळ ओरडलेच. "तुम्हीच नको म्हणालात ना, बाबा," ती म्हणाली. आवाजात रागही नव्हता.

घरी आले तेव्हा मुलाच्या खोलीतून नव्या स्पीकरचा आवाज येत होता. तो सकाळपासून मॅच बघत होता. मला कुणी सांगितलंच नाही, म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं. निरीक्षकांनी त्याच्यासमोरचा लॅपटॉप उचलला आणि मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती भिंतीवरचे नकाशे उतरवून त्यांच्या सुरळ्या करत होती.

"आजपासून हा तुझा. खिडकीची खोलीही तुझी. माझं चुकलं, बाळा."

तिने नव्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्यांच्या पिशवीतल्या जुन्याकडे हात केला.

"तोच द्या. मला चालतं."

हे शब्द निरीक्षकांनी आयुष्यभर ऐकले होते आणि प्रत्येक वेळी पोरगी समाधानी आहे असं समजून निर्धास्त झाले होते. आज त्यांना रडू आवरेना. जगाचे तराजू तपासणाऱ्या त्या माणसाने आपल्या घरातल्या तराजूचं एक पारडं कधी बघितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी खोल्या बदलल्या, मुलाचं टेबल कोपऱ्यात आलं, आणि पुढेही ते तिथेच राहिलं. परीक्षा मात्र परत आली नाही.

मंडळी, कमी मिळूनही जो कुरकुरत नाही, त्याला कमीच पुरतं असं आपण धरून चालतो आणि त्यालाच न्याय समजतो. तुमच्याही घरात कुणाला तरी काहीतरी 'चालत' असेल. तिला एकदा समोर बसवून विचारा, बाई, चालतं की चालवून घेतेस? फक्त अकरा वाजायच्या आत विचारा.