वळणापलीकडचा गारवा

झोंडा वारा सुटला तेव्हा निकासिया आणि तिचे वडील, ताता इलारियो, लांबच्या विहिरीवरून पाणी घेऊन परतत होते. झोंडा म्हणजे भट्टीचं उघडं तोंड. वाटेत उंदरांनी पोखरलेली जमीन खचली, खेचराचा पाय मोडला, ताता आपटले आणि पाण्याचे दोन्ही कॅन फुटले.

तातांना उठता येईना. सावली कुठेच नव्हती. होती ती विस्काचांची ओस पडलेली बिळं. सशाहून थोराड ते प्राणी कधीचे निघून गेलेले.

तातांना उन्हातून आत सरकवावं म्हणून निकासिया ताटलीने एका बिळातली वाळू उपसू लागली. काढावी तेवढी वरून कोसळत होती.

"तिथे नको गं! भुसभुशीत जागेत विस्काचा राहत नाही. पांढऱ्या मातीत बघ, वाऱ्याकडे पाठ असलेलं तोंड."

"गप्प पडा ना, ताता!"

"गप्प पडलो तर तू माझी कबरच खणशील."

तसं बीळ सापडलं. हातभर आत जाऊन ते वळत होतं.

"प्यूमाचा पंजा पोचू नये म्हणून वळवलंय," ताता म्हणाले. "गारवा पलीकडे."

तिने हात घातला. माती खरंच थंड होती. नखं तुटेपर्यंत तिने वळण रुंद केलं. जागा मात्र एकाचीच झाली.

"डोकं आधी ढकल. पाय भाजले तर भाजू देत."

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

"मग दोघं मरू. नीघ, कार्टे!"

तातांना बिळात सरकवून ती सर्वांत जवळच्या आमच्या झोपडीशी पोचली. माझा सदरा धरून ती नुसती ओढत राहिली. मी आणि माझा भाऊ रोसेंदो पाणी घेऊन धावलो.

वारा पडला होता, पण बिळाचं तोंडच दिसेना. सगळीकडे सपाट वाळू. "ताता! ओ ताता!" निकासिया हातांनी उकरत ओरडत होती. ताता गेले असं धरून रोसेंदोने टोपी काढली.

"घाल ती डोक्यात!" ती किंचाळली.

तेवढ्यात मला पलीकडच्या वाळक्या झुडपाखालून खोकला ऐकू आला. मुंगसासारखा हुरोन बिळात शिरला तर पळता यावं म्हणून विस्काचा दुसरं तोंड ठेवतो. ते उघडं होतं. तेवढीच हवा तातांना मिळत होती.

तिघांनी मिळून खणलं. आधी फोडांनी भरलेले पाय दिसले, मग कंबर, मग मातीने माखलेलं डोकं. डोळे मिटलेले होते. निकासियाने ओली बोटं त्यांच्या ओठांना लावली.

ताता बोटं चोखू लागले. ती आमच्याकडे बघून हसली आणि तिथेच बेशुद्ध पडली.