गुडघा नव्हे, उखळ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला अजिबात स्वस्थता नाही. दगड शांत असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारच्या नव्या घरांच्या पलीकडे एक पडका मठ आहे. त्याच्या आवारात मी चौदाशे वर्षं तळमळत पडलोय.

माझ्या पोटात एक गोल खळगा आहे. तो मुइरनात नावाच्या बाईनं केला. हा मठ तिनंच काढला. मठ म्हणजे तेव्हा चार झोपड्या आणि एक चूल. पीक बुडालं त्या वर्षी ती माझ्यात सातू कुटायची आणि दारात येईल त्याला पेज द्यायची. कुटून कुटून खळगा खोल झाला. यात चमत्कार नाही, घाम आहे.

ती गेली, मग लोकांनी तिला संत केलं. तिथवर ठीक. पण पेज वाढणारी संत त्यांना पुरेना! ‘प्रार्थना करता करता तिचा गुडघा दगडात रुतला’ असं ठरलं. खळग्यातलं पाणी चामखिळीवर औषध झालं. ते कधी उपसायचं नाही, असा नेम पडला.

पुढे मोठ्या मठाचे लोक आले. त्यांच्या संताच्या नावाला यात्रेकरू जास्त. त्यांनी आमचा मठ त्याच्या नावे करून टाकला आणि त्याच्या चरित्रात मुइरनातला त्याची शिष्या लिहिलं. दोघं कधी भेटलेही नव्हते! मी होतो ना इथं. पण दगडाला कोण विचारतो?

शेवटी तिचं नाव एकाच तोंडात उरलं. नोरीन नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची बाई रोज येते, मला उजवं घालून तीन फेऱ्या मारते आणि ते नाव पुटपुटते. तिच्यामागे कोणी नाही. यंदा गावच्या समितीनं इथं फलक लावायचं ठरवलं. मजकूर काय? ‘थोर संताच्या गुडघ्याची खूण.’ म्हणजे गुडघासुद्धा त्याचाच! नोरीन सभेत बसली होती. बोलली नाही.

मग एका रविवारी कराडहून लेकीकडे आलेल्या वसुधाबाई नातीला, रुचाला, घेऊन आल्या. मला पाहिलं आणि पदर खोचला.

“काय गं हे, किती घाण पाणी साठलंय!” म्हणत त्यांनी ओंजळी भरभरून माझं पाणी उपसलं आणि गवताच्या चोथ्यानं मला घासायला घेतलं.

“अहो बाई, थांबा!” नोरीन काठी उगारून धावली.

“आजी, स्टॉप! दॅट्स होली वॉटर!” रुचा ओरडली.

“होली असलं म्हणून शेवाळ धुवायचं नाही होय?”

रुचानं घाईघाईनं गुडघ्याची गोष्ट सांगितली. वसुधाबाईंनी तळाला हात फिरवला आणि हसल्या. “गुडघा? कुणाचा, हत्तीचा? अगं, हे उखळ आहे. माझ्या सासूबाईंचं अस्संच होतं. विचार त्यांना, इथं कोण कुटायचं?”

रुचानं विचारलं. नोरीनची काठी खाली आली. तिनं माझ्या तळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

“मुइरनात,” ती म्हणाली. मोठ्यानं.

पुढच्या सभेत ती उभी राहिली आणि हे उखळ मुइरनातचं आहे, असं सांगितलं. समितीवाले म्हणाले, “ग्रँड, नोरीन, छानच. पुढच्या फलकाच्या वेळी बघू.” शुक्रवारी फलक लागला, जसाच्या तसा. मला तडकावंसं वाटलं.

वसुधाबाई कराडला परतल्या. रुचा मात्र दर रविवारी येते आणि फलकाखाली खडूनं लिहिते: मुइरनात. इथला पाऊस काय ऐकतो? सोमवारपर्यंत पुसून टाकतो.

मित्रांनो, मला शेंदूर फासू नका. माझं पाणी डोळ्यांना लावू नका. कुठं झिजलेला दगड दिसला, तर तो कुणाच्या हातानं झिजला एवढं विचारा. गप्प बसू नका.

आज रविवार आहे. पाऊस पडतोय. नोरीन छत्री धरून उभी आहे आणि रुचा खिशात खडू शोधतेय.