ओली बाजू वर

“दळण असो नसो, चाक रोज फिरवायचं,” बाबा म्हणायचे. पाणचक्कीचं लाकडी चाक थांबलं की खालचा अर्धा भाग पाणी पीत राहतो, वरचा वाळतो. मग ते एका अंगाला जड होतं.

ही अक्कल घराला महागात पडून आली होती. आजोबांचा थोरला मुलगा लढाईत मारला गेला तेव्हा त्यांनी चाकाला पाणी देणाऱ्या पाटाचं दार पाडलं ते ईस्टरआधीच्या उपासाचा सगळा काळ उचललंच नाही. ईस्टरला पाणी सोडलं. चाक रडतरखडत वर चढलं, धाडकन खाली आलं, आणि चार फेऱ्यांत चाकाचा कणा चिरला. नव्या कण्यासाठी अंगणातला ओक पाडला. त्याची सावली मी नुसती ऐकून आहे.

तेव्हापासून रीत पडली. घरात प्रेत असेतो चाक बंद. दफनाहून परतलं की पायातले बूट काढण्याआधी पाटाचं दार उचलायचं. बाबा गेले तेव्हा माझ्या धाकट्या भावानं, तुदुआलनं, तसंच केलं होतं.

या खेपेला तुदुआलच गेला. मी दफनाहून आले आणि बूट काढले.

का, ते सांगता येत नाही. लोक आले, मी कॉफी दिली, कुट्टूची धिरडी घातली. रडू आलं नाही. सकाळची जपमाळ चुकली नाही, पण ती फार लवकर संपू लागली. चाकाच्या ठोक्यावर मणी सरकवायची सवय. आता कॉफीला उकळी येण्याआधीच शेवटचा मणी हातात येई.

तुदुआलचा मुलगा मालो रेन शहरातून येऊन राहिला होता. मासे वर चढावेत म्हणून उन्हाळ्याअखेर नदीवरचा आमचा बंधारा फोडणार आहेत. संमतीची सही तुदुआलनंच केली होती. मालो समजुतीनं म्हणाला, “आत्या, पाणीच जायचंय. आता चाक फिरलं काय नि कुजलं काय.”

त्याचं खोटं नव्हतं. पण दवाखान्यात तुदुआलनं मला विचारलं होतं, “चाक फिरवशील ना, पाणी आहे तोवर?” मी म्हटलं होतं, “पाणी आहे तोवर.” त्यानं डोळे मिटले. आणखी काही मागितलं नाही.

काल शेजारचा कोरांतिन दळायला कुट्टूचं पोतं घेऊन आला. चाकाकडे बघत म्हणाला, “तुझ्या भावाला जन्मात मिळाली नाही एवढी विश्रांती चाललीय की याची.” नेहमीसारखंच बोलला तो. मग टोपी काढून उगाच झटकत राहिला, आणि पोतं दाराशी ठेवून गेला.

तो गेल्यावर मी इतक्या आठवड्यांत प्रथमच चाकाकडे नीट पाहिलं. खालच्या फळ्या काळ्याभोर. वरच्या राखाडी, आणि त्यांच्या फटींतून पलीकडचं कुरण दिसत होतं. असंच पाणी सोडलं तर आजोबांच्या वेळी झालं तेच होणार. आधी पहारीनं अर्धी फेरी द्यायची, ओली बाजू वर आणायची, वाळू द्यायची. रोज थोडं थोडं. मग पाणी.

आज जपमाळ संपली तेव्हा मालो झोपलेला होता. कॉफी मी चुलीवरून उतरवून झाकून ठेवली. दाराशी तुदुआलचे रबरी बूट होते. मला मोठे होतात. टाचेत चिंध्या कोंबून ते घातले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पाटाच्या दव पडलेल्या काठानं निघाले.