बाईसाहेब का थांबतात

आमच्या घोडीचं कागदावरचं नाव भलतंच लांबलचक आहे, पण तबेल्यात सगळे तिला बाईसाहेब म्हणतात. ते नाव तिने वागणुकीने कमावलंय. दुसऱ्या घोड्याने तोंड लावलेल्या बादलीतलं पाणी तिला चालत नाही. खरारा उजव्या बाजूनेच सुरू झाला पाहिजे, नाहीतर डावी बाजू कोणाला मिळत नाही. नालबंद तिच्या पायाशी वाकला की त्याची टोपी उचलायची आणि नाल ठोकून होईस्तोवर दातांत धरून ठेवायची, हा तिचा नेम. टोपी अजून एकदाही फाडलेली नाही. वर्षभर मी तिला शिकवतेय आणि माझा तिच्यावर जीव आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे.

कुरकुरीचं कारण एकच. बाईसाहेब थांबायच्या. पाठीवर माणूस बसलं की दहा-बारा पावलं चालायच्या आणि रिंगणात मध्येच उभ्या राहायच्या. लाथ नाही, उधळणं नाही, नुसतं उभं राहणं. टाच लावा, गोंजारा, गाजर दाखवा, ढिम्म हलायच्या नाहीत. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हात टेकले. आणि हीच घोडी मी लांब दोरी लावून जमिनीवरून चालवली की शहाण्या मुलीसारखी वागायची. चाल म्हटलं की चाल, दुडकी म्हटलं की दुडकी, आणि थांब तर मी म्हणायच्या आतच. याचा मला कोण अभिमान! "माझ्या मनातलं ओळखते ती," असं मी येईल त्याला ऐकवायचे.

मालकांना मनातलं ओळखणारी घोडी नको होती. "मास्तरीणबाई, आपण घोडेस्वारी शिकवतो," ते म्हणाले. "पुतळा पाळायचा तर तो निदान खात तरी नाही. रविवारी मी येतो. माणूस पाठीवर घेऊन न थांबता तीन फेऱ्या मारल्या तर राहील. नाहीतर वीटभट्टीवाल्याला गाडी ओढायला जनावर हवंच आहे."

निघता निघता त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही बसत?"

"कंबर," मी म्हणाले.

कंबरेला काही झालेलं नव्हतं. गेल्या वर्षी एका घोड्याने मला कुंपणावर फेकलं तेव्हा मोडल्या होत्या त्या बरगड्या, आणि त्याही तीन महिन्यांत जुळल्या. पण तेव्हापासून मी घोड्यावर चढले नव्हते. रिकिबीत पाय ठेवायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून सटकायचे. आयुष्यभर लोकांना "घाबरायचं काय त्यात" म्हणत आलेल्या बाईने हे सांगायचं कोणाला? म्हणून कंबर.

खरं फक्त ताईला माहीत होतं. माझी ही मोठी बहीण तीस वर्षं टेलिफोन खात्यात होती. नोकरी संपली, बोलणं चालू राहिलं. गुरुवारी ती माझा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली, कठड्याला टेकून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला बसव बरं हिच्यावर."

"ताई, वय बघ जरा."

"घोडीचं की माझं?"

बसवली. खोगिरावर टेकल्या क्षणापासून ताईने शेजारणीच्या नव्या पडद्यांची कथा लावली. कापड कोणतं, शिंप्याने ते आखूड कसं कापलं, मग खाली झालर कशी जोडली आणि ती कशी मुळीच शोभत नाही. बाईसाहेब चालत होत्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. मी तोंड उघडं टाकून बघत होते. तेवढ्यात ताईचं लक्ष खाली गेलं. "अगं बाई, केवढी उंच आहे ही," असं म्हणून ती गप्प झाली, आणि बाईसाहेब जागच्या जागी थांबल्या.

मी निष्कर्ष काढला की घोडीला गप्पा लागतात. शुक्रवारी बँकेत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला बसवून सांगितलं, बोलत राहा. तिने सासूबाईंपासून सुरुवात केली. विषय चांगला मोठा होता, पण पत्र्याच्या शेडजवळच्या वळणावर ती बिचकली, बोलणं अडलं, आणि घोडीही अडली.

ताई त्या दिवशी मुद्दाम मजा बघायला आली होती. ती म्हणाली, "तू हिला थांबवतेस कशी?"

"थांब म्हणून. आणखी कशी?"

"ते नंतर. आधी तू श्वास धरतेस. शाळेत टोचून घ्यायच्या रांगेत धरायचीस ना, अगदी तसा. खांदे कानाला लागतात तुझे."

मी हसण्यावारी नेलं. पण मग सगळे गेल्यावर घोडीला दोरी लावली, फिरवली, आणि तोंडातून अक्षर न काढता नुसता श्वास धरला. ती थांबली. सोडला, ती चालू लागली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

मी पालथ्या बादलीवर बसकण मारली. ही घोडी आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बरगड्या बांधलेल्या होत्या. मोठ्याने थांब म्हणायचं तर कळ यायची, म्हणून आधी श्वास धरून मग शब्द काढायचे. बरगड्या बऱ्या झाल्या, सवय राहिली. घोडी शब्द शिकलीच नव्हती, ती माझी कळ शिकली होती. पाठीवर बसणारं प्रत्येक माणूस घाबरून श्वास धरत होतं, आणि ती बिचारी मी शिकवलं तसं निमूट थांबत होती. वर्षभर जिला हट्टी म्हटलं तिच्याइतकं आज्ञाधारक जनावर तबेल्यात दुसरं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

आता दोन दिवसांत तिला वेगळं शिकवणं अशक्य होतं. विद्यार्थ्यांना "श्वास धरू नका" म्हटलं की ते तो जास्तच घट्ट धरत. ताई म्हणाली, "मी एकदा बसले, मला पुरलं," आणि माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली, पण उत्तर दोघींनाही माहीत होतं.

रविवारी मालक आले, ताई आली. मी रिकिबीत पाय घातला आणि वर बसले. बसताक्षणी छातीत श्वास अडकला. बाईसाहेब खिळल्यासारख्या उभ्या. मालकांनी घड्याळ पाहिलं.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. घोडीलाच म्हणाले, पण आवाज मोठा निघाला, आणि त्याबरोबर श्वासही निघाला. बाईसाहेबांनी पाऊल उचललं.

मग मी थांबलेच नाही. कंबरेला कधीच काही झालं नव्हतं, हे सांगितलं. कुंपणाचा तो खांब अजून डोळ्यांसमोर येतो, हे सांगितलं. कठड्याशी मालक सगळं ऐकत होते, ऐकू देत. दुसऱ्या फेरीला सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून शेजारणीचे पडदे सांगितले. तिसऱ्या फेरीला शेडजवळचं वळण गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कधीची गप्प आहे आणि घोडी चालते आहे. छाती आपली आपण वरखाली होत होती.

तीन फेऱ्या झाल्यावर मी जाणूनबुजून श्वास धरला. बाईसाहेब ताईच्या अगदी समोर थांबल्या.

"राहू दे हिला," मालक म्हणाले. "आणि कंबरेला जपा."

ताई मात्र काहीच बोलेना. तेव्हा मला उमगलं की तीन फेऱ्यांत तिचा एकही शब्द ऐकू आला नव्हता. दोन्ही हातांनी कठडा धरून ती उभी होती, आणि खांदे पार कानाला लागले होते.

"ताई," मी म्हणाले, "श्वास घे."